आठ वर्षांची वाट

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचे दर्शन घेणारी मंडळी दम खात समोरच्या शिवनेरीकडे पाहतात, पोरांना शिवजन्माची गोष्ट सांगतात आणि उतरू लागतात. ज्या सभागृहात आपण हात जोडले तो मुळात बौद्ध भिक्षूंचा विहार आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत अशी लहानमोठी कोरीव कामे दोनशेच्या वर आहेत. कोणी सोनार, कोणी धान्याचे व्यापारी, कोणी गृहस्थ अशांनी ती करवून घेतली आणि भिंतीवर नावे कोरून ठेवली. त्या नावांत तीन नावे यवनांची आहेत. इरिल, चिट आणि चंद. म्हणजे समुद्रापलीकडून आलेली, ग्रीक म्हणून ओळखली जाणारी माणसे. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चंदाने लेण्याचे दर्शनी काम करविले आणि चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. ही माणसे कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरून नाणेघाट चढून आली असणार. त्यांची नावे इथल्या बोलीत रुळली, त्यांचे दान इथल्या संघाने घेतले आणि दोन हजार वर्षे ती नावे इथल्या दगडावर टिकली.

त्याच जुन्नरात पंधराव्या शतकात आणखी एक परदेशी आला. रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन. चौलला उतरला, एक घोडा विकायला घेऊन सह्याद्री चढला आणि पावसाळ्याचे महिने त्याने जुन्नरात काढले. बहमनी सुलतानाचा इथला सुभेदार असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि अट घातली. धर्म बदल, घोडाही मिळेल आणि वर हजार मोहरा. नाही म्हणालास तर घोडा गेला आणि हजार मोहरांचा दंडही बसेल. मुदत चार दिवसांची. एका खुरासानी सरदाराने मध्यस्थी केली म्हणून हा परदेशी सुटला आणि घोडाही परत मिळाला.

एकाच गावातल्या या दोन गोष्टी. एकीत बाहेरच्या माणसाला पंगतीत जागा मिळते, दुसरीत उंबऱ्यावरच त्याची अडवणूक होते. परका माणूस दाराशी आला की त्याला आत कोणी घ्यायचे, कोणत्या अटीवर घ्यायचे आणि तोवर त्याने किती दिवस ताटकळायचे, हा प्रश्न फार जुना आहे.

आज तो प्रश्न आपल्या घरांत वेगळ्या रूपाने आला आहे. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव या गावांतून मुले-मुली शिकायला आणि नोकरीला परदेशी जातात. कोणाचे लग्न तिकडेच ठरते, कोणाची भावी पत्नी अमेरिकेतली असते, कोणाचा भावी जावई जर्मनीतला. साखरपुडा होतो आणि मग सुरू होते कागदांची वाट. अमेरिकेच्या कायद्यात वाग्दत्त वधूवरांसाठी १९७० पासून वेगळा व्हिसा आहे. मागच्या दोन वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात आणि तिकडे पाऊल ठेवल्यापासून ९० दिवसांत लग्न लावावे लागते. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याने लग्न करायचे तर दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेले असावे लागते आणि नोटीस दिल्यावर पुन्हा तीस दिवस थांबावे लागते. घरातली वडीलधारी माणसे कॅलेंडरकडे पाहत राहतात. मुहूर्त ठरवायचा कसा, हॉल घ्यायचा कधी, आणि मुख्य म्हणजे हे सगळे टिकणार आहे का?

अशा वेळी एका मराठी माणसाच्या आयुष्याची आठवण करून द्यावीशी वाटते. त्याने अशी वाट थोडीथोडकी नव्हे, आठ वर्षे पाहिली. त्याचे नाव डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. आपण त्यांना ज्ञानकोशकार म्हणून ओळखतो.

रायपूर ते इथाका

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ चा, रायपूरचा. शालेय शिक्षण अमरावतीला झाले, पुढे मुंबईला विल्सन कॉलेजात. वऱ्हाड-मध्यप्रांतातून मुंबईला आलेल्या या हुशार पण तऱ्हेवाईक मुलाचे मन ठरलेल्या वाटेने जाण्यात रमले नाही. त्या काळी परदेशी जायचे म्हणजे विलायतेस जायचे, बॅरिस्टर व्हायचे किंवा आय. सी. एस. ची परीक्षा द्यायची. केतकर १९०६ मध्ये निघाले ते अमेरिकेला. न्यूयॉर्क राज्यातील इथाका या लहानशा गावातल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी नाव घातले.

तेव्हा अमेरिकेत शिरायला व्हिसा लागत नव्हता, हे आजच्या तरुणांना खरे वाटणार नाही. बंदरात डॉक्टर तपासत, अधिकारी दोनचार प्रश्न विचारत आणि माणूस आत जाई. व्हिसाची सक्ती आली ती पहिल्या महायुद्धात. पण दार उघडे होते म्हणून आतले सगळे हसतमुख होते असे नव्हे. केतकर अमेरिकेत असतानाच, सप्टेंबर १९०७ मध्ये, पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलिंगहॅम गावात लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांना जमावाने मारहाण करून गावाबाहेर हाकलले. बहुतेक जण पंजाबातले शीख होते. पुढे १९१७ च्या कायद्याने बहुतेक आशियाई लोकांना अमेरिकेचे दार बंदच झाले.

अशा देशात बसून केतकरांनी विषय घेतला तो जातीचा. हिंदुस्थानातील जातिसंस्थेचा इतिहास लिहायचा आणि त्यासाठी मनुस्मृती एखाद्या समाजशास्त्रज्ञाच्या नजरेने वाचायची. १९०९ मध्ये त्यांचा ग्रंथ इथाकातच छापला गेला. १९११ मध्ये त्यांना पीएच. डी. मिळाली. त्याच वर्षी हिंदू धर्माची घडण आणि भवितव्य या विषयावरचा दुसरा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. समाज म्हणजे काय, त्याच्या सीमा कोठे असतात, त्यात माणूस जन्माने येतो की प्रवेश घेऊनही येऊ शकतो, हे त्यांचे प्रश्न होते. पंचविशीतला हा तरुण ते प्रश्न कागदावर सोडवीत होता. लवकरच तेच प्रश्न त्याच्या स्वतःच्या आयुष्यात उभे राहणार होते.

लंडनची ओळख

अमेरिकेतून परतताना केतकर लंडनला थांबले. तिथल्या मुक्कामात त्यांची ओळख एडिथ कोहन या तरुणीशी झाली. ती जर्मन ज्यू घराण्यातली. दोघांत काय साम्य? एक हिंदुस्थानातला चित्पावन ब्राह्मण, राजकीयदृष्ट्या पारतंत्र्यातला. दुसरी युरोपात शतकानुशतके परकी मानल्या गेलेल्या समाजातली. पण दोघांनाही पुस्तकांची ओढ होती आणि आपल्या जन्माच्या चौकटीबाहेर पाहण्याची सवयही. ओळख वाढली, मने जुळली.

१९१२ मध्ये केतकर हिंदुस्थानात परतले. एकटेच. हाती पदवी होती, डोक्यात योजनांचा कल्लोळ होता आणि खिशात फारसे काही नव्हते. काही काळ कलकत्ता विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. पण एका जागी नोकरी करून संसार थाटावा हा त्यांचा पिंड नव्हता. देशात हिंडून त्यांनी माणसे पाहिली, भाषावार लोकजीवनाचा विचार केला, आणि मराठीत ज्ञानकोश करायचा हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. इंग्रजांचा ब्रिटानिका जसा, तसा मराठी माणसाचा स्वतःचा ज्ञानकोश, जगाकडे महाराष्ट्राच्या डोळ्यांनी पाहणारा.

इकडे ज्ञानकोशाची जुळवाजुळव, तिकडे एडिथ. मधे समुद्र. बोटीने विलायतेचे पत्र यायला दोन-अडीच आठवडे, उत्तर जायला तितकेच. आजच्या मुलांना समोरच्या पडद्यावर एकमेकांचे चेहरे दिसतात तरी दोन महिन्यांचा विरह जड जातो. त्या दिवसांत एका प्रश्नाचे उत्तर मिळायला महिना उलटून जाई, आणि तोवर प्रश्न विचारणाऱ्याची मनःस्थितीही बदललेली असे.

आणि मग १९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले.

शत्रुराष्ट्रातले नाव

या युद्धाने माणसाच्या प्रवासाचा अर्थच बदलून टाकला. त्याआधी युरोपातून हिंदुस्थानात यायला पासपोर्ट लागेच असे नव्हते. तिकीट काढावे, बोटीत बसावे आणि मुंबईला उतरावे. युद्ध सुरू होताच ब्रिटनने परकीयांवर निर्बंध घालणारा कायदा एका दिवसात मंजूर केला. जर्मन प्रजाजनांना पोलिसांत नोंद करावी लागली. नोंदलेल्या पत्त्यापासून पाच मैलांपलीकडे जायचे तर परवाना. वयात आलेल्या पुरुषांना छावण्यांत ठेवण्यात आले. मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने लुसिटानिया बोट बुडविल्यानंतर लंडनमध्ये जर्मन नावांच्या दुकानांवर दंगेखोर तुटून पडले. दुकानावरची पाटी जर्मन वाटली एवढे कारण पुरेसे होते. किती पिढ्या इंग्लंडात गेल्या, हे विचारायला कोणी थांबत नव्हते.

हिंदुस्थानातही तेच. परकीयांविषयीचा वटहुकूम १९१४ मध्येच निघाला. जुन्नरहून आळेफाट्यावरून पुढे गेले की अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. तिथल्या लष्करी तळावर जर्मन व्यापारी, खलाशी, अभ्यासक यांना तारेच्या कुंपणाआड ठेवले होते. वर्षानुवर्षे इथे शाळा आणि दवाखाने चालविणाऱ्या जर्मन मिशनऱ्यांनाही सोडले नाही. त्यांच्यातल्या अनेकांना बायकामुलांसह १९१५-१६ मध्ये गोलकोंडा नावाच्या बोटीने परत धाडण्यात आले. ज्या सरकारच्या मुलखात जर्मन नाव धारण करणाऱ्याला राहूही देत नव्हते, तिथे त्या नावाची एक तरुणी लग्नासाठी येणार कशी?

समुद्रही सुरक्षित नव्हता. ३० डिसेंबर १९१५ रोजी हिंदुस्थानाकडे येणारी पर्शिया ही बोट भूमध्य समुद्रात पाणबुडीने बुडविली आणि तीनशेहून अधिक माणसे गेली. पत्रे सेन्सॉरच्या हातून जात. दोघांच्या मधे आता नुसता समुद्र नव्हता. सरकार होते, तोफा होत्या आणि संशय होता.

कायद्यातली एक गाठ इथे सांगितली पाहिजे, कारण ती आजही ओळखीची वाटेल. ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ही ब्रिटिश प्रजाजनच मानावी, असे १९१४ च्या नागरिकत्वाच्या कायद्यात होते. केतकर रायपूरचे, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे प्रजाजन. त्यांच्याशी लग्न होताच पत्नीची कागदावरची ओळख बदलणार होती. पण लग्न व्हायचे तर दोघांनी एका ठिकाणी यायला हवे, आणि एका ठिकाणी यायचे तर आधी दार उघडायला हवे. लग्न झाले की वाट मोकळी, आणि वाट मोकळी झाली तरच लग्न. व्हिसाच्या रांगेत उभ्या असलेल्या आजच्या वाग्दत्त वधूलाही हीच गाठ सोडवावी लागते.

या काळात केतकरांनी काय केले? ते काम करीत राहिले. १९१६ च्या सुमारास नागपुरात त्यांनी ज्ञानकोश मंडळ ही कंपनी काढली. ज्ञानकोशासाठी राजाश्रय मागण्याऐवजी भाग विकायचे, आगाऊ वर्गणीदार मिळवायचे आणि गावोगाव हिंडून लोकांना पटवायचे. मराठीत असा कोश होईल यावर फार थोड्यांचा विश्वास होता. बायको सात समुद्रांपलीकडे, कोश कल्पनेत, पैसा लोकांच्या खिशात. चारचौघांच्या हिशेबाने हा माणूस हवेत मनोरे बांधीत होता. पुढे मंडळाचे बिऱ्हाड पुण्याला आले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्ध थांबले तरी दारे लगेच उघडली नाहीत. ब्रिटनने १९१९ मध्ये कायदा करून शत्रुराष्ट्रातील माणसांना आणखी काही वर्षे मज्जाव केला. युद्धापुरता म्हणून आलेला पासपोर्ट कायमचाच झाला. हिंदुस्थानात प्रवेश करण्यासाठी पासपोर्ट सक्तीचा करणारा कायदा १९२० चा. तो तब्बल शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला आणि २०२५ मध्ये नव्या परकीय नागरिक कायद्याने त्याची जागा घेतली. युद्धे संपतात, त्यांनी घातलेली कुंपणे मात्र मागे राहतात.

दुसरे दार

१९२० मध्ये एडिथ कोहन आणि केतकर यांचा विवाह झाला. भेट झाली तेव्हा विशीत असलेला तरुण आता छत्तीस वर्षांचा होता. पण सरकारचे दार ओलांडले म्हणजे सगळे झाले असे नव्हते. दुसरे दार समाजाचे होते आणि ते कमी जड नव्हते.

त्या काळची कायद्याची स्थिती अशी. १८७२ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करायची तर वधूवरांना आपण हिंदू, ज्यू, मुसलमान, ख्रिस्ती असे कोणत्याच मोठ्या धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे. म्हणजे लग्नासाठी आधी धर्मावर पाणी सोडायचे. विठ्ठलभाई पटेलांनी १९१८ मध्ये हिंदूंच्या मिश्रविवाहांना मान्यता देणारे बिल मांडले, त्यावर देशभर वादळ उठले आणि ते बारगळले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये आपल्या संस्थानापुरता आंतरजातीय विवाहाचा कायदा केला. पण पुणे ब्रिटिश मुलखात होते. आणि पुणे कसे होते, तर अवघ्या तीस वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांना धर्मपीठापुढे जाब द्यावा लागला, असे. तिथे ब्राह्मणाच्या घरात ज्यू सून?

केतकरांना सोपी वाट मोकळी होती. आपण कोणत्याच धर्माचे नाही असे लिहून द्यायचे आणि मोकळे व्हायचे. ती त्यांनी घेतली नाही. आपला धर्म सोडून लग्न करायचे म्हणजे हा धर्म कोणाला आत घेऊ शकत नाही हे कबूल करण्यासारखे होते. त्यांच्या ग्रंथांतले विचार नेमके याच्या उलट होते. हिंदू समाज ही बंद पेटी नाही, त्याने इतिहासात अनेकांना सामावून घेतले आहे, तेव्हा आजही घ्यावे. मग त्यांनी वैदिक वाङ्मयातला एक जुना विधी शोधून काढला. तो म्हणजे व्रात्यस्तोम. वैदिक रीतीबाहेर असलेल्या व्रात्यांना आत घेण्याचा हा विधी तांड्य ब्राह्मणात सांगितला आहे. ग्रंथांच्या कपाटात पडून राहिलेला तो विधी केतकरांनी एका जिवंत माणसासाठी बाहेर काढला. व्रात्यस्तोम करून एडिथ हिंदू झाल्या, हिंदू पद्धतीने विवाह झाला आणि त्या शीलवती केतकर झाल्या.

यावर आजचा वाचक विचारील, आणि त्याने विचारावे, की बदलायचे ते बाईनेच का? नाव तिने बदलले, धर्म तिने बदलला, देश आणि भाषाही तिनेच बदलली. निकितीनला जुन्नरात चार दिवसांची मुदत मिळाली होती, शीलवतीबाईंना आठ वर्षे मिळाली, एवढाच फरक का? फरक आणखी एक आहे. निकितीनपुढची अट धाकाची होती. इथे सक्ती करणारा सुभेदार नव्हता, स्वतःच्या पायांनी चालत आलेली एक स्त्री होती. तरीही हिशेब सारखा होता असे म्हणता येणार नाही. केतकरांनी लोकांची बोलणी सोसली, पण ती आपल्या माणसांत राहून. शीलवतीबाईंनी आपली माणसेच मागे ठेवली. परदेशातून सून किंवा जावई आणणाऱ्या प्रत्येक घराने हा हिशेब मनाशी मांडून पाहावा.

कोशाचा संसार

ज्या सुमारास लग्न झाले त्याच सुमारास ज्ञानकोशाचे खंड बाहेर पडू लागले. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, त्यानंतरचे जग आणि विज्ञानाचा इतिहास असा त्यांचा पसारा. त्यानंतर अकारविल्हे लेखांचे खंड. १९२९ पर्यंत सूची आणि पुरवणीसह तेवीस खंड पुरे झाले. आजही जुन्या वाचनालयांत ते जाडजूड खंड दिसतात. पाने पिवळी पडली आहेत, पण एखादा जुना शिक्षक अजून त्यात काहीतरी शोधताना आढळतो.

हा कोश म्हणजे केतकरांच्या घरचा संसार. माणसे, प्रुफे, वर्गणीदारांची पत्रे आणि देणेकऱ्यांचे तगादे या सगळ्यांसह. कोश पुरा झाला तेव्हा कीर्ती आली, पैसा आला नाही. शीलवतीबाईंनी याच संसारात मराठी शिकून घेतली. त्यांचे स्वतःचे कामही लहान नव्हते. प्रागचे पंडित विंटरनिट्झ यांनी भारतीय वाङ्मयाचा इतिहास जर्मन भाषेत लिहिला होता. संस्कृताच्या अभ्यासकांना आजही तो ग्रंथ टाळता येत नाही. त्याचा इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने काढला. १९२७ मधल्या पहिल्या भागावर अनुवादक म्हणून नाव आहे मिसेस एस. केतकर. १९३३ मधल्या दुसऱ्या भागावर त्यांच्या जोडीला मिस एच. कोहन हे नाव आहे. म्हणजे पुण्याच्या केतकर घराण्याचे आणि कोहन घराण्याचे आडनाव एकाच पानावर, वेद-पुराणांवरच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठामागे. वेदांविषयी जर्मन भाषेत लिहिलेले पुस्तक जगभरच्या इंग्रजी वाचकांपर्यंत गेले ते पुण्यातल्या या सुनेच्या हातून. परदेशी सून आली की घराची परंपरा बुडते, असे म्हणणाऱ्यांनी हे पान एकदा पाहावे.

केतकरांनी कादंबऱ्याही लिहिल्या. 'गोंडवनातील प्रियंवदा', 'परागंदा', 'आशावादी', 'ब्राह्मणकन्या' अशी त्यांची नावे. रूढ अर्थाने त्या सफाईदार नाहीत, कथानक मधेच सोडून लेखक चर्चेला बसतो, हा आक्षेप तेव्हाही होता. पण त्यांतली माणसे पाहा. देश सोडलेली, जातीच्या रेघेवर उभी असलेली, आईबापांच्या लग्नामुळे आपण नेमके कोण हे ठाऊक नसलेली. 'ब्राह्मणकन्या'तली कालिंदी हीच तर विचारते आहे की माझी जागा कोठे? असे प्रश्न कल्पनेतून सुचत नाहीत. ज्याने स्वतः दाराशी वाट पाहिली आहे, आणि दुसऱ्याला पाहायला लावली आहे, त्यालाच ते सुचतात.

१९३१ मध्ये हैदराबादला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी प्राचीन महाराष्ट्राचा इतिहास हाती घेतला आणि त्यातले सातवाहनपर्व लिहून प्रसिद्ध केले. सातवाहन म्हणजे नाणेघाटात लेख कोरविणारे राजे. जुन्नरच्या यवनांनी टाकी आणि मंडप दिले तेही त्याच सुमाराच्या शतकांत. परक्यांना सामावून घेणाऱ्या ज्या समाजाविषयी केतकर तरुणपणापासून लिहीत आले, त्याच्या खुणा त्यांच्या पुण्यापासून एका दिवसाच्या वाटेवर दगडात कोरलेल्या होत्या.

१० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. आठ वर्षे वाट पाहून जुळलेला संसार सतरा वर्षे चालला.

मागे राहिलेली बाई

केतकर गेले तेव्हा युरोपात काय चालले होते? हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला होता. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यू आणि जर्मन यांच्यातील विवाहांवर बंदी घातली. जो विवाह पुण्यासारख्या सोवळ्या गावात १९२० मध्ये झाला, तशा विवाहाला सुधारलेल्या म्हणविणाऱ्या देशात पंधरा वर्षांनी तुरुंगाची शिक्षा होती. पुढे त्या देशाने ज्यूंचे काय केले हे सगळ्या जगाला माहीत आहे. कोणते गाव सनातनी आणि कोणते पुढारलेले, हे इतिहास फार उलटेपालटे करून सांगतो.

शीलवतीबाई मागे राहिल्या आणि इथेच राहिल्या. पतीच्या पश्चात कितीतरी वर्षांनी त्यांनी आपल्या सहजीवनाच्या आठवणी मराठी वाचकांपुढे ठेवल्या. पुस्तकाचे नाव, 'मीच हे सांगितले पाहिजे'. नावातच सगळे आले. विद्वान पतीविषयी पुष्कळांनी लिहिले होते, लिहीतही होते. पण त्या घरात काय घडले हे सांगण्याचा अधिकार एकीचाच होता आणि तो तिने बजावला. पाहुणी म्हणून नव्हे, घरची म्हणून.

आज आपल्या तालुक्यांतल्या एखाद्या घरात मुलगा व्हिसाच्या तारखेची वाट पाहत असेल, त्याची होणारी बायको तिकडे कागद जमवीत असेल, आई देवापाशी बसली असेल. कायदे कडक आहेत, कधी अन्यायीही आहेत, आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात कोणता नियम बदलेल सांगता येत नाही. तरीही केतकरांच्या काळापेक्षा आजची वाट पुष्कळ बरी आहे. सरकारचे दार आज ना उद्या उघडते. विचार करायचा तो आपल्या हातातल्या दाराचा. येणाऱ्या मुलीला नाव बदलायला लावायचे का, तिचे सण आपल्या घरात साजरे करायचे की नाही, तिच्या आईवडिलांना आपल्या पंगतीत कोठे बसवायचे, याला कोणत्याही वकिलातीचा शिक्का लागत नाही.

पुढच्या वेळी लेण्याद्रीला गेलात की येताना वाट वाकडी करून शिवनेरीच्या पोटातली लेणीही पाहा. चिट नावाच्या त्या यवनाचा भोजनमंडप तिथे आहे. इतक्या दुरून आलेल्या माणसाने या गावाला काय द्यावे, तर चार माणसांनी एकत्र बसून जेवायची जागा. आणि या गावाने त्याचे नाव दोन हजार वर्षे पुसले नाही.